गिळलं, पण पचलं नाही!

शरीरातल्या भक्षक पेशी जंतू गिळतात आणि पचवून टाकतात, हे शाळेच्या पुस्तकात प्रत्येकाने वाचलेलं असतं. पुस्तकात जे राहून जातं ते असं, की काही जंतूंना गिळलं जाणंच हवं असतं. टीबी, कुष्ठरोग, टायफॉईड, प्लेग! माणसाला ज्या रोगांनी सर्वांत जास्त छळलं त्यांतले कितीतरी जंतू नेमके याच पेशींच्या आत मुक्काम ठोकतात. त्यांना शोधायला निघालेल्या पेशीच्या आतच ते तगून राहतात, आणि प्रत्येकाची तऱ्हा निराळी असते.

१८८२ : काटा आणि जंतू

इटलीतल्या सिसिली बेटावर, मेसिना गावात इल्या मेच्निकोव्ह नावाचा रशियन प्राणिशास्त्रज्ञ राहत होता. एके दिवशी घरची मंडळी सर्कशीतली माकडं बघायला गेली आणि हा सूक्ष्मदर्शकाशी बसला. तारामाशाच्या अळ्या काचेसारख्या पारदर्शक असतात, आतल्या पेशी हलताना थेट दिसतात. त्याला वाटलं, बाहेरची वस्तू आत शिरली तर या पेशी तिच्यावर धावून जातील. बागेतून गुलाबाचे काटे आणून त्याने अळ्यांत टोचले. रात्रभर झोप नाही. पहाटे बघतो तर काट्याभोवती पेशींची गर्दी! जंतू खाणाऱ्या पेशींची कल्पना तिथे जन्मली. पुढे १९०८ सालचं नोबेल पारितोषिक त्याला पॉल एर्लिखसोबत विभागून मिळालं.

काट्याच्या प्रयोगाच्याच वर्षी, २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉखने टीबीचा जंतू सापडल्याचं जाहीर केलं. जंतू खाणाऱ्या पेशी आणि त्यांना न पचणारा जंतू, दोन्ही एकाच वर्षी माणसाच्या नजरेस पडले.

पचनाची रीत

यातली मोठी भक्षक पेशी म्हणजे मॅक्रोफेज. ती साधारण २० मायक्रॉनची, तर टीबीचा जंतू २ ते ४ मायक्रॉन लांब. पेशी दहा फुटी खोलीएवढी धरली, तर जंतू तुमच्या स्वयंपाकघरातल्या लाटण्याएवढा. अशी कितीतरी लाटणी त्या खोलीत मावतील.

गिळलेला जंतू पेशीत मोकळा सुटत नाही. पेशीचंच आवरण त्याच्याभोवती पिशवी करतं, तिला फॅगोसोम म्हणतात. मग पिशवीच्या भिंतीतले पंप आत आम्ल सोडू लागतात. पीएच सातच्या वरून घसरत पाचच्या खाली येतो. ऑक्सिजनपासून सुपरऑक्साइड आणि हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होऊन जंतूवर फवारलं जातं. शेवटी एन्झाइमांनी भरलेली लायसोसोम नावाची दुसरी पिशवी येऊन हिच्यात मिसळते, आणि जंतूचा चोथा होतो.

याच्याच जोडीला पेशी धातूंचाही खेळ खेळते. जंतूला जगायला लोह आणि मँगनीज लागतं, म्हणून ते पिशवीतून बाहेर उपसायचं. तांबं आणि जस्त जास्त झालं की जंतूला विषासारखं बाधतं, म्हणून ते आत ओतायचं. एकाच वेळी उपासमार आणि विषप्रयोग! इतकी चोख व्यवस्था असूनही काही जंतू तरतात, आणि हरेक जण या रीतीतली वेगळीच पायरी मोडतो.

टीबी : पिशवी पिकूच देत नाही

१९७१ साली लंडनमध्ये आर्मस्ट्राँग आणि डार्सी हार्ट या दोघांनी एक देखणा प्रयोग केला. भक्षक पेशींच्या लायसोसोममध्ये त्यांनी फेरिटिन हे लोहयुक्त प्रथिन आधीच भरून ठेवलं. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ते काळ्या ठिपक्यांसारखं उठून दिसतं. मग पेशींना टीबीचे जंतू खायला घातले. मेलेल्या, मोडक्या जंतूंच्या पिशव्यांत काळे ठिपके भरलेले दिसले, म्हणजे लायसोसोम येऊन मिसळली होती. धडधाकट जिवंत जंतूंच्या पिशव्या मात्र बहुतेक कोऱ्या! जंतू स्वतःच दोन पिशव्यांचं मीलन अडवतो, हे त्या कोऱ्या पिशव्यांनी दाखवलं. पुढे १९९४ मध्ये कळलं, की आम्ल सोडणारे पंपही या पिशवीवर धड बसत नाहीत. पीएच साडेसहाच्या आसपासच अडून राहतो.

आत बसून हा खातो काय? तर आपलं कोलेस्टेरॉल. पेशीच्या चरबीतून ते ओढून घेणारी खास यंत्रणा त्याच्याकडे आहे आणि ती बंद पाडली, की दीर्घकाळ टिकून राहणं त्याला जमत नाही, हे २००८ मध्ये सिद्ध झालं. घाई त्याच्या स्वभावातच नाही. पोटातला ई. कोलाय २० मिनिटांत दुप्पट होतो, याला जवळजवळ अख्खा दिवस लागतो.

भक्षक पेशी मग एकत्र येऊन जंतूंभोवती गाठ करतात. वर्षानुवर्षं सगळे मानत होते, की ही गाठ म्हणजे जंतूंना घातलेली भिंत. बडोद्यात वाढलेल्या आणि तिथल्याच मेडिकल कॉलेजात शिकलेल्या डॉ. ललिता रामकृष्णन यांनी झेब्राफिश माशाच्या पारदर्शक पिल्लांत टीबीच्या चुलतभावाची लागण करून ही गाठ जिवंतपणी बनताना पाहिली. मेच्निकोव्हच्या अळ्यांसारखीच ही पिल्लंही आरपार दिसतात! २००९ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने मांडलेलं निरीक्षण असं : एक बाधित पेशी मरते, तिला खायला नव्या पेशी येतात, मेलेल्या पेशीबरोबर आतले जंतूही गिळतात आणि स्वतः बाधित होतात. त्यांतल्या काही तिथून निघून दुसरीकडे नवी गाठ बांधतात. म्हणजे सुरुवातीच्या काळात गाठीमुळेच जंतूंचा फैलाव होतो. एखादी पक्की समजूत अशी डोळ्यांदेखत उलटताना पाहण्यासारखा आनंद विज्ञानात दुसरा नाही.

तुमच्या दंडावरची खूण

डाव्या दंडावरचा तो गोल व्रण बीसीजी या टीबीच्या लशीचा. त्याच्यामागे बटाटे आहेत! फ्रान्समधल्या लील शहरात काल्मेत आणि गेरँ यांनी १९०८ पासून गाईगुरांच्या टीबीचा जंतू बैलाच्या पित्तात आणि ग्लिसरीनमध्ये शिजवलेल्या बटाट्याच्या कापांवर वाढवायला घेतला. दर तीन आठवड्यांनी नव्या कापावर. मधे पहिलं महायुद्ध झालं, लील जर्मनांच्या ताब्यात गेलं, तरी काम थांबलं नाही. १३ वर्षांत २३० वेळा काप बदलले आणि जंतूचा जोर गेला. १९२१ मध्ये पॅरिसमधल्या एका तान्ह्या बाळाला ही लस प्रथम दिली गेली, तीही तोंडावाटे.

जोर गेला म्हणजे नेमकं काय गेलं? याचं उत्तर थेट १९९० च्या दशकात मिळालं. बीसीजीच्या जनुकांतून एक तुकडाच गळून पडलेला होता. ज्या यंत्रणेने टीबीचा जंतू पिशवीच्या भिंतीला इजा करणारी प्रथिनं सोडतो, तिचीच जनुकं त्या तुकड्यात होती. त्यामुळे खऱ्या टीबीचा जंतू पिशवी फोडून पेशीच्या अंतरंगात उतरू शकतो, बीसीजीचा पिशवीतच अडकतो. काल्मेत आणि गेरँ यांना या जनुकांचा पत्ताही नव्हता आणि बटाट्यावर त्यांनी नेमका तोच तुकडा गाळला!

कुष्ठरोग : जनुकांची पडझड

नॉर्वेतल्या बर्गनमध्ये हान्सेनने हा जंतू १८७३ साली पाहिला, टीबीच्याही नऊ वर्षं आधी. पण दीडशे वर्षं उलटली तरी प्रयोगशाळेच्या बशीत तो आजतागायत वाढवता आलेला नाही. त्याला जिवंत पेशीच लागते. वाढवायचाच तर उंदराच्या तळपायात, नाहीतर अमेरिकेतल्या आर्माडिलो या खवल्यांच्या कवचाच्या प्राण्यात. आर्माडिलोच का? त्याच्या शरीराचं तापमान कमी असतं आणि या जंतूला गारवा मानवतो. म्हणूनच माणसात नाक, कानाच्या पाळ्या, हातापायांची बोटं आधी पकडली जातात.

२००१ मध्ये त्याचा जनुकसंच उलगडला तेव्हा शास्त्रज्ञ चकित झाले. चालती जनुकं सुमारे १६०० आणि मोडून पडलेली ११०० च्या घरात! पेशीच्या आत सगळं आयतं मिळत गेलं, तसतशी स्वतः करायची कामं सुटत गेली. दुप्पट व्हायला त्याला जवळपास दोन आठवडे लागतात. भक्षक पेशींबरोबरच मज्जातंतूंना वेढणाऱ्या श्वान पेशींतही तो राहतो, आणि त्यातूनच बधिरपणा येतो.

वडाळ्याचं अ‍ॅक्वर्थ रुग्णालय १८९० पासून या रुग्णांसाठी उभं आहे, बाबा आमटे यांचं आनंदवनही वरोऱ्याला त्यांच्याचसाठी उभं राहिलं. जगातले निम्म्याहून अधिक नवे रुग्ण आजही भारतात सापडतात, आणि औषधांनी हा रोग पूर्ण बरा होतो. हे दुसरं वाक्य पहिल्याइतकंच मोठ्याने सांगायला हवं.

लिस्टेरिया : फ्रिजमध्येही वाढतो!

बहुतेक जंतू फ्रिजमध्ये मंदावतात, हा ४ अंशांतही वाढत राहतो. दक्षिण आफ्रिकेत २०१७-१८ मध्ये पोलोनी नावाच्या तयार मांसातून त्याची साथ पसरली, हजारावर लोकांना लागण झाली आणि दोनशेहून जास्त दगावले. आजवर नोंदलेली ही त्याची सर्वांत मोठी साथ.

याला पिशवीत राहायचंच नसतं. तो एक प्रथिन सोडतो, ते पिशवीच्या भिंतीला भोकं पाडतं. खुबी अशी, की हे प्रथिन आम्लातच जोमाने काम करतं. पेशी पिशवीत आम्ल सोडते, भोकं पडतात, जंतू बाहेर. पेशीच्या अंतरंगात आम्ल नाही, तिथे तेच प्रथिन ढिलं पडतं आणि पेशीचं स्वतःचं आवरण शाबूत राहतं. पेशी फुटली तर जंतूच उघडा पडला असता!

बाहेर पडल्यावर तो पेशीचंच अ‍ॅक्टिन आपल्या एका टोकाशी गोळा करतो. आपले स्नायू आखडतात त्यातही याच प्रथिनाचा हात असतो. अ‍ॅक्टिनचे धागे मागे रचले जातात आणि त्यांच्या रेट्याने जंतू पुढे सरकतो, मिनिटाला साधारण १० मायक्रॉन. सूक्ष्मदर्शकाखाली मागे धूमकेतूसारखी शेपटी दिसते. १९८९ मध्ये टिल्नी आणि पोर्टनॉय यांनी हे चित्र जगापुढे मांडलं. असा धावत तो पेशीच्या आवरणाला फुगा आणतो आणि तो फुगा शेजारची पेशी गिळते. जंतू एका पेशीतून दुसरीत पोचतो, रक्तातल्या प्रतिपिंडांना दर्शनही न देता.

लिजिओनेला : माणूस त्याच्या हिशेबातच नव्हता

माझ्या मते या सगळ्यांत कमाल याची. जुलै १९७६, फिलाडेल्फियातलं एक आलिशान हॉटेल, अमेरिकी माजी सैनिकांचं अधिवेशन. परतलेल्यांना न्यूमोनिया होऊ लागला, ३० च्या आसपास माणसं गेली आणि कित्येक महिने कारण सापडेना. जानेवारी १९७७ मध्ये जंतू जाहीर झाला.

हा राहतो पाण्यात. पाण्यातला अमीबा जंतू खाऊन जगतो, पण १९८० मध्ये इंग्लंडमधल्या रोबोथमने दाखवलं, की अमीबाच्या आत लिजिओनेला उलट वाढतो. अमीबा आणि आपली भक्षक पेशी, दोघांची गिळण्या-पचवण्याची रीत मुळात एकच. तेव्हा अमीबावर चालणारी युक्ती आपल्या फुप्फुसातही चालते. एसीच्या कूलिंग टॉवरमधून उडालेल्या तुषारांवाटे तो आत जातो. माणसाकडून माणसाला तो सहसा लागत नाही, म्हणजे माणसात शिरून त्याला पुढची वाटच नाही!

पेशीत गेल्यावर तो सुईसारख्या यंत्रणेतून ३०० हून अधिक प्रकारची प्रथिनं पेशीत सोडतो. पेशीच्या आत प्रथिनं बनवणारं एक जाळं असतं, त्याचे तुकडे ओढून तो आपल्या पिशवीवर लिंपतो. पिशवी त्या जाळ्याचाच भाग दिसू लागते आणि लायसोसोम तिला वगळून जाते.

कॉक्सिएला : आम्लच हवं

१९३५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनच्या कत्तलखान्यातल्या कामगारांना कसलासा ताप येऊ लागला. तोच क्यू फीवर. याचा जंतू पिशवी पिकणं अडवत नाही. पिशवी पिकते, आम्ल येतं, लायसोसोम मिसळते, आणि मग कुठे हा जागा होतो! आम्ल नसेल तर तो निपचित पडून राहतो. पिशवी फुगत फुगत जवळजवळ अख्खी पेशी व्यापते. २००९ मध्ये त्याला पहिल्यांदा पेशीबाहेर वाढवता आलं, ते आम्लयुक्त आणि अगदी कमी ऑक्सिजनच्या वातावरणात. या जंतूचे दहाहून कमी कण श्वासातून गेले तरी माणूस आजारी पडू शकतो.

टायफॉईड आणि फसवा रिपोर्ट

साल्मोनेला या टायफॉईडच्या जंतूला आम्ल म्हणजे कामाला लागायची खूण. पिशवीतलं आम्ल जाणवलं, की त्याच्या जनुकांचा ठरावीक संच चालू होतो आणि तो पिशवीच्या भिंतीतून पेशीत प्रथिनं टोचू लागतो. टायफॉईडच्या जंतूच्या भाऊबंदावर, उंदरांच्या पेशींत हे तपासलं गेलं. पिशवीत आम्ल येऊ दिलं नाही तर जंतूचीच वाढ खुंटली!

आता प्रयोगशाळेच्या टेबलावर या. पेशीत शिरलेले जंतू मोजायचे तर बाहेर राहिलेले आधी मारावे लागतात. त्यासाठी पेशींवर जेंटामायसिन ओततात. हे औषध पेशीत नीट शिरत नाही, म्हणून बाहेरचे मरतात, आतले वाचतात. मग पेशी फोडून आतले मोजायचे. जगभरच्या प्रयोगशाळांत ही पद्धत रोजची आहे.

आणि नेमकं याच कारणाने टायफॉईडमध्ये जेंटामायसिन फसतं. बशीत वाढवलेला टायफॉईडचा जंतू त्याने मरताना दिसतो, पण रुग्णाच्या पेशीत दडलेला मरत नाही. म्हणून टायफॉईडसाठी हे औषध 'लागू पडतं' असं रिपोर्टमध्ये लिहूच नये, असा दंडक आहे. उलट अ‍ॅझिथ्रोमायसिन पेशींच्या आत साठून राहतं आणि टायफॉईडला उपयोगी पडतं.

प्लेग आणि साजूक तूप

१८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात प्लेग ओळखला तो गोव्यातल्या हडफडे गावच्या डॉ. अकासियो व्हिएगस यांनी. जंतुशास्त्रज्ञ हाफकिनने ग्रँट मेडिकल कॉलेजात लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःला टोचून घेतली. ती बनवताना त्याने जंतू वाढवायच्या रशावर तुपाचे थेंब सोडले होते! जंतू त्या थेंबांना धरून खाली लोंबत वाढायचे.

पिसूच्या शरीरात प्लेगच्या जंतूभोवती कवच नसतं, कारण तिथे गारवा असतो. पिसू चावली की जंतू माणसात येतो, मॅक्रोफेज त्याला गिळते, पण तिच्या आत तो तगतो. ३७ अंशांच्या उबेत काही तासांत त्याच्यावर कवच चढतं. मग बाहेर पडलेल्या या जंतूला दुसरी भक्षक पेशी सहजी गिळू शकत नाही.

धारोष्ण दूध

माल्टा बेटावरच्या ब्रिटिश सैनिकांना महिनोन्महिने चढउताराचा ताप यायचा. डेव्हिड ब्रूसने १८८७ मध्ये जंतू शोधला, पण तो येतो कुठून हे १९०५ मध्ये झामितने दाखवलं : शेळीच्या दुधातून. सैन्याला ते दूध बंद केलं आणि रुग्ण झपाट्याने घटले. या जंतूचं, म्हणजे ब्रुसेलाचं, बाहेरचं आवरण इतकं सौम्य असतं, की पेशीला धोक्याची जाणीवच उशिरा होते. आपल्याकडे जनावरांत हा रोग आहे. गोठ्यात गाय गाभडली तर उघड्या हातांनी वार काढू नये, दूध उकळूनच प्यावं. सरकारी मोहिमेत ४ ते ८ महिन्यांच्या मादी वासरांना याची लस देतात, ती चुकवू नका.

पेशी हात बांधून बसत नाही

रोगप्रतिकाराच्या टी-पेशींकडून इंटरफेरॉन गॅमा हा निरोप आला, की मॅक्रोफेज चवताळते. आम्ल वाढतं, नायट्रिक ऑक्साइड बनतं. पिशवी फोडून पळालेल्या जंतूभोवती ती नवी दुहेरी पिशवी शिवते आणि पुन्हा लायसोसोमकडे नेते. टीएनएफ नावाचा आणखी एक निरोप ही चेतना टिकवतो आणि टीबीची गाठ धरून ठेवतो. संधिवातावर टीएनएफ रोखणारी इंजेक्शनं सुरू करण्याआधी डॉक्टर टीबीची तपासणी करायला लावतात, ती याचमुळे. निरोप थांबला, की वर्षानुवर्षं दबून राहिलेला जंतू उठू शकतो.

औषधांतही एक असं आहे, जे पेशीच्या आम्लाचाच फायदा घेतं. पायराझिनामाइड. काचेच्या नळीत, नेहमीच्या पीएचला ते टीबीच्या जंतूचं काहीच बिघडवत नाही. तेवढ्यावर थांबले असते तर ते केराच्या टोपलीत गेलं असतं. पण १९५२ च्या सुमारास ते थेट टीबी झालेल्या उंदरांना देऊन पाहिलं गेलं आणि गुण आला. कारण मागाहून कळलं : ते आम्लातच चालतं, मग ती दाह झालेली जागा असो की चेतवलेल्या भक्षक पेशीतली पिशवी. जंतूचं स्वतःचं एन्झाइम त्या गोळीचं त्याच्यासाठीच्या विषात रूपांतर करतं. सुस्त पडलेले, इतर औषधांना दाद न देणारे जंतू त्याने मरतात. नेहमीच्या टीबीत ही गोळी फक्त पहिले दोन महिने देतात, आणि तिची रिफॅम्पिसिन या दुसऱ्या औषधाशी जोडी जमली तेव्हाच उपचारांचा काळ नऊ महिन्यांवरून सहावर आला.